पाठीचं माप

प्रियदर्शनी पडली तेव्हा तिनं स्वतःला सावरलं नाही, मशीनला सावरलं.

अठ्ठ्याण्णव साल, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. परतीचा पाऊस अर्ध्या तासापूर्वी पडून गेला होता आणि बारामती-इंदापूर रस्त्याची साइडपट्टी लोण्यासारखी झाली होती. समोरून रिकाम्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. तिनं सायकलचं हँडल डावीकडं घेतलं, आणि खांद्याला लटकवलेली काळी बॅग तिच्या आधी वळली — पाठीवरून कमरेवर, कमरेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून हँडलवर... डोळे उघडले तेव्हा ती रस्त्याकडेच्या चारीत उताणी पडली होती. वर धुतलेलं आभाळ होतं, आणि बॅग तिनं तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती.

"लागलं का?"

वर एक तरुण उभा होता. त्याच्या मोपेडला मागं रेक्झिनच्या तीन गुंडाळ्या बांधलेल्या होत्या.

"मला विचारताय का मशीनला?"

तो गोंधळला. "...दोघांना."

तिनं चेन उघडून आत पाहिलं. झाकण उचलून बटण दाबलं. मशीननं गुरगुर केली, पडदा निळा झाला. "मशीनला नाही लागलं," ती म्हणाली. "म्हणजे ऑफिसच्या दृष्टीनं कुणालाच नाही लागलं." मग तिनं कोपराकडं बघितलं. कोपरातून रक्त येत होतं.

ते मशीन म्हणजे लॅपटॉप. पुण्याच्या एका संस्थेनं गावोगावच्या मातीचे नमुने तपासायचं काम काढलं होतं, आणि बी.एस्सी. झालेल्या प्रियदर्शनीला तिच्या काटेवाडीपासून सणसरपर्यंतची गावं दिली होती. सोबत लॅपटॉप आणि दोन पानी पत्र. मशीन पडू नये, भिजू नये, तापू नये आणि धुळीत नेऊ नये, असं पत्रात लिहिलं होतं. काम मातीचं होतं. पत्राच्या शेवटी आणखी एक वाक्य होतं, ते तिला पाठ झालं होतं : मशीनला इजा झाल्यास क्षेत्रीय काम मोटारसायकल असलेल्या कर्मचाऱ्याकडं सोपवण्यात येईल.

तो तरुण चारीत उतरला. तिला हात द्यावा की नाही याचा त्यानं थोडा वेळ विचार केला, आणि सायकलला हात दिला. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून त्यानं वाकडं हँडल सरळ केलं. मग बॅगेकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांकडं पाहतो.

"ही बॅग उभ्या माणसाची हाय," तो म्हणाला. "ऑफिसात जायचं, टेबलावर ठिवायची. सायकलवरच्या माणसाची न्हाय ही. एका पट्ट्याची बॅग वळणावर ऐकत नसती. तुमी सॅक घ्या. दोन पट्ट्यांची, पाठीला चिकटून बसणारी."

"कुठं मिळते?"

"सॅक सगळीकडं मिळती." त्यानं मोपेडला पायडल मारलं. "चिकटून बसणारी न्हाय मिळत."

एवढं बोलून तो गेला. नाव सांगायचं राहिलं. त्याच्या बोटांना निळा खडू लागलेला होता, तेवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं... का राहिलं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी ती बारामतीच्या पेठेत सॅक शोधत फिरली. पहिल्या दुकानात विचारलं, "कितवीत हाय मुलगा?" ती म्हणाली, मलाच हवीय, तर दुकानदारानं तिला नीट न्याहाळून दहावीची दाखवली. लॅपटॉप आत गेला, पण चेन अर्ध्यात थांबली. दुसऱ्या दुकानात डोंगरावर जाणाऱ्यांची सॅक होती. ती इतकी उंच होती की पाठीवर घेतल्यावर प्रियदर्शनीच सॅकेला बांधल्यासारखी दिसत होती, आणि सायकलवर बसलं की तळ कॅरिअरला टेकत होता. तिसऱ्या दुकानात खाकी पिशवी होती, मजबूत, पण आत नुसती पोकळी. लॅपटॉप त्यात डब्यातल्या खड्यासारखा वाजला. "आत टॉवेल गुंडाळा," दुकानदार म्हणाला. एकानं तर सुचवलं, "नवराच बघा ताई, गाडीवाला. सॅकच नको."

मार्केट यार्डाच्या वाटेला ती वळली ती सायकलला हवा भरायला. हवेच्या टाकीशेजारी एक उघडंच्या उघडं दुकान होतं. बाहेर ट्रॅक्टरच्या सीटा ओळीनं मांडलेल्या, आत दोन शिलाई मशिनी. एकीवर पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते, दुसरीवर निळा खडू.

"मिळाली का?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं मी आलेय?"

"ब्रेक करकरला. त्या दिवशी बी करकरला होता."

दाढीवाल्या चाँदभाईंनी चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं. दुकान त्यांचं. हंगाम तोंडावर आला होता, साखर कारखाने सुरू व्हायच्या आत तालुक्यातल्या निम्म्या ट्रॅक्टरांना नवी सीट लागते, आणि अशा वेळी आपल्या कारागिराला लोकांच्या सायकलींचे ब्रेक ओळखू येतात ही गोष्ट त्यांनी मनात टिपून ठेवली. "सुयश," ते म्हणाले, "गिऱ्हाईक हाय का पाव्हणं?"

"गिऱ्हाईक," प्रियदर्शनी म्हणाली. "मला एक सॅक शिवून हवीय."

"आमी सीटा शिवतो, बेटा."

"माझंही ते सीटवरच जायचं आहे. सायकलच्या."

चाँदभाईंना उत्तर आवडलं. त्यांनी सुयशकडं बघून हनुवटी हलवली.

मग सुयशनं प्रश्न विचारले. एखाद्या मुलाला मुलीला विचारायला वर्षभर धीर होणार नाही असे प्रश्न त्यानं दहा मिनिटांत विचारले, आणि तेही अगदी कोरड्या चेहऱ्यानं. सायकलवर वाकून बसता का ताठ? चढाला उभ्यानं मारता का बसून? घाम येतो का पाठीला? ओढणी कुठं बांधता? डबा कुठं ठिवता? रोज किती कोस?

"बत्तीस किलोमीटर. कधी चाळीस."

त्यानं मान खाली घालून कागदावर चौकोन काढला. "वजन वर पाहिजे, खांद्याच्या फऱ्यांत. खाली लोंबलं की मणका ओढतं. मशीन तळाला टेकवायचं न्हाय. आत झोळी शिवतो, झोळीत मशीन चार बोटं अधांतरी. म्हंजे खड्ड्यात सॅक आपटली तरी मशीनला कळणार न्हाय. पाठीला ट्रॅक्टरचा फोम, मधी नाली सोडतो वारं खेळायला. वरनं झाकण, पाऊस चेनवर याला नको. आणि तिसरा पट्टा... हितनं..." त्याचा हात स्वतःच्या छातीपाशी गेला, थबकला, आणि पोटावर उतरला. "म्हंजे... कमरेवरनं."

"बकल लावायचं हाय रं," चाँदभाई म्हणाले, "मंगळसूत्र न्हाय. लाजतोस कशाला?"

प्रियदर्शनीनं समोरच्या सीटा मोजायला सुरुवात केली. अकरा होत्या.

अडचण मापाची निघाली. पट्टे बरोबर बसायचे तर खांद्यापासून कमरेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत माप हवं. सुयशनं टेप गळ्यातून काढली, तिच्या मागं गेला आणि तसाच उभा राहिला. दुकानाला पुढून भिंत नव्हती. हवेच्या टाकीपाशी चार जण होते, आणि चौघांच्याही चाकांत हवा भरून झालेली असूनही कुणी जात नव्हतं.

"आपण सीटवर बसून माप घेतो का?" चाँदभाईंनी मशीन थांबवत विचारलं. "जुनं कव्हर आणायला सांगतो. बेटा, तुझं नीट बसणारं काहीतरी आणून दे. पाठीचं."

नीट बसणारं प्रियदर्शनीकडं एकच होतं. कामावर ती पंजाबी ड्रेस घालायची आणि ते सगळे आईच्या मते 'वाढत्या अंगाचे' शिवलेले होते. भावाच्या लग्नात मात्र तिला पुण्याहून मोतिया रंगाचं ब्लाऊज शिवून आणलं होतं, ते पाठीवर असं बसायचं की आरशापुढून हलावंसं वाटू नये. सोमवारी तिनं ते वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात दिलं. "हे... माप."

"हा," सुयश म्हणाला, आणि पुडकं दोन्ही हातांनी घेतलं.

कच्ची सॅक आठवड्यात झाली. जुन्या ताडपत्रीची. नुसती कशी बसते हे बघायला. लॅपटॉप काही त्यात घालायचा नव्हता. त्याच्या वजनाची वीट आणि वर चाँदभाईंचा पत्र्याचा डबा घातला. हलते कशी हे सुयशला बघायचं होतं. म्हणून ती सायकलवर पुढं आणि तो मोपेडवर मागं, असे ते काटेवाडीपर्यंत गेले. एका मुलीच्या पाठीकडं दहा किलोमीटर टक लावून बघायचं, आणि तेही धंद्याच्या कामासाठी, अशी संधी या तालुक्यात दुसऱ्या कुणाला आली असेल असं वाटत नाही. त्यानं ती प्रामाणिकपणे वापरली. मधेच ओरडायचा, "उजवा पट्टा एक बोट सैल हाय!" मधेच, "खांदा उचलू नका!" मधेच काहीच नाही, नुसता मोपेडचा आवाज... आणि त्या वेळी तिला खांद्यांचं काय करावं ते सुचायचं नाही.

दुसऱ्या फेरीला सणसरपर्यंत गेले. सुयशचं गाव तेच. वडील नव्हते, आई, आक्काबाई, दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. परतताना पावसानं गाठलं. दोघं एसटीच्या शेडमध्ये थांबले. शेडवर पत्रा होता, आणि पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बोलायचं तर जवळ यावं लागत होतं. दोघांनाही ते बरं वाटलं आणि दोघांनीही पावसाला नावं ठेवली.

"चाँदभाई म्हणत होते, तुम्ही बी.ए. आहात. मग हे?" तिनं विचारलं.

"तलाठ्याची परीक्षा दोनदा दिली. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला बारामतीला आलो, तर चाँदभाईंच्या दुकानात कारागीर नव्हता आणि ते एकटेच पंधरा सीटा घिऊन बसलेले. म्हटलं, संध्याकाळपर्यंत हात लावू." तो थांबला. "सहा वर्षं झाली. संध्याकाळ व्हायची हाय अजून."

"आई काय म्हणते?"

"म्हणती, लोकं विचारत्यात पोरगं काय करतं, तर काय सांगू? मी म्हटलं सांग, लोकांना बसायला लावतं."

ती हसली. मग त्याच्या मोपेडवर आणलेल्या ऑफिसच्या बॅगेतून तिनं लॅपटॉप काढला. आज तो तिच्याकडं होता. सणसरात दिवसभर वीज नव्हती आणि बॅटरीत वीस मिनिटं उरली होती. उद्या सकाळी तीन शेतकऱ्यांची नावं भरायची होती, आणि त्यासाठी ही वीस मिनिटं लागणार होती. हे सगळं माहीत असून तिनं झाकण उघडलं.

"बघायचंय?"

निळा उजेड त्याच्या तोंडावर पडला. तिनं त्याला तालुक्याची माती दाखवली : कुठं चुनखडी, कुठं खारवट, कुठं पाणी जास्त झाल्यानं मेलेली. तो पडद्याला हात न लावता, हवेत बोट फिरवत विचारत राहिला. सणसरची कुठली? आईचं शेत यात यील का? दुसऱ्याचं असलं तरी? ती सांगत राहिली. मशीननं दोनदा टुंग केलं तरी तिनं बंद केलं नाही.

"काय म्हणतंय ते?"

"काही नाही."

"थकलंय वाटतं."

"त्याला मी नऊ मिनिटं उरल्यावर बंद करते एरवी," ती म्हणाली. "आज किती झाली बघितलं नाही."

पाऊस थांबल्यावरही दोघं थोडा वेळ मोठ्यानंच बोलत होते.

दिवाळीच्या आधल्या रविवारी प्रियदर्शनीला बघायला डाळजहून महिपतराव आले. सोबत त्यांच्या मंडळी आणि मुलगा सोमनाथ. सोमनाथ भिगवणला पाटबंधारे खात्यात क्लार्क होता. मुलगा शांत, सरळ, चहा बशीत न ओतता पिणारा. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि प्रियदर्शनीची पंचाईत तीच झाली. त्यानं एकच विचारलं, "ते कॉम्प्युटरचं काम... लग्नानंतरही करायचंय का तुम्हाला?" ती उत्तर द्यायच्या आत महिपतराव मोठ्या मनानं म्हणाले, "छे, छे. आपल्या घरात काय कमी हाय? सायकल हाणायची गरजच न्हाय पोरीला." सगळ्यांना बरं वाटलं. तिचे वडील ज्ञानदेव गुरुजीही हसले, थोडे उशिरा.

प्रियदर्शनी रिकाम्या कपबश्या गोळा करत राहिली. तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. कुणी तिला काही बोललं नव्हतं, तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं. एक सॅक शिवायला टाकली होती, एवढंच. ते पाहुण्यांपुढं कसं मांडायचं?

उठता उठता मुलाची आई प्रियदर्शनीच्या आईला म्हणाली, "भामाबाई, तेवढं पोरीचं मापाचं ब्लाऊज देऊन ठिवा. साखरपुड्याच्या साडीवरचं आमच्या हितं शिवून घेतो. गुरुवारी माणूस यील आमचा."

मापाचं ब्लाऊज मागितलं म्हणजे स्थळ पक्कं. पाहुणे जीपमध्ये बसायच्या आत भामाबाईंनी ट्रंक उघडली. वरची लुगडी काढली, मधली काढली, तळाचा कागदही काढला.

"मोतिया ब्लाऊज कुठं हाय गं?"

"दुकानात आहे."

"शिंप्याकडं टाकलंस व्हय? उसवलं का कुठं?"

"शिंप्याकडं नाही."

"मग?"

"ट्रॅक्टरच्या सीटा शिवतात तिथं."

भामाबाई लुगड्यांच्या ढिगात बसून राहिल्या. आयुष्यात पुष्कळ गोष्टी ऐकायची त्यांची तयारी होती, पण ही त्यांत नव्हती. "पोरी," त्या म्हणाल्या, "तू परक्या पोराकडं ब्लाऊज दिलंस?"

"माप दिलं, आई. पाठीचं."

"तेच म्हणतीय मी."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. ब्रेक करकरला, तसा तो उठून बाहेर आला. चेहरा असा, की काल दिवाळी होऊन गेली. "झाली!" तो म्हणाला, आणि आतून सॅक आणली.

ती काळी होती, रेक्झिनची, आणि कुठंही चमकत नव्हती. पट्ट्यांना आतून नमदा लावलेला. तळाला ट्रॉलीला लावतात तसली लाल रेडियमची पट्टी, मागून येणाऱ्या गाडीला दिसावी म्हणून. त्यानं लॅपटॉप झोळीत सोडला, झाकण लावलं, आणि ती पाठीशी धरली. तिनं हात घातले. कमरेचं बकल खट्‌कन बसलं. चार-साडेचार किलो वजन कुठं गेलं ते तिला कळेना. कुणीतरी मागून पाठीवर हात ठेवून 'चल' म्हणावं, तसं वाटलं.

ते वाटणं तिनं मोडलं. सॅक न काढताच ती म्हणाली, "माझं ब्लाऊज द्या."

सुयशचा चेहरा उतरला. तो हलेना.

"दे की रं," चाँदभाई म्हणाले. मग त्यांच्याही लक्षात काहीतरी आलं आणि ते दोऱ्याचं रीळ शोधायला लागले.

सुयशनं खण उघडला. आतून एक सुतळीनं बांधलेली चळत काढली. मोतिया रंगाचे सहा तुकडे. पाठ, दोन पुढच्या बाजू, दोन बाह्या, गळ्याची पट्टी. प्रत्येकावर निळ्या खडूच्या खुणा. वर पुठ्ठ्याची चिठ्ठी, गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कव्हरला लावतात तशी : 'काटेवाडी. कॉम्प्युटर.'

"हे काय?"

"जुनं कव्हर आलं की आमी उसवतो," तो म्हणाला.  "उसवून, तुकडे नव्या मालावर मांडून कापतो. सहा वर्षं तेच करतोय. हातांनी केलं. पाठ सुटी झाली, मग बाह्या... सगळं उसवून झाल्यावर ध्यानात आलं, ही सीट न्हाय. तुमाला सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

"हे गुरुवारी डाळजला जायचं होतं," ती म्हणाली. "मापाला."

 मापाचं ब्लाऊज दुसऱ्या गावाला कशासाठी जातं, हे बी.ए. झालेल्यालाही समजतं आणि न झालेल्यालाही.

"गुरुवार," तो म्हणाला. "मी जोडून देतो."

तो मशीनवर बसला. सुईत पांढरा दोरा ओवला, दोनदा चुकला. पाठ आणि पुढची बाजू जोडली. खांदा जोडला. पायाखाली मशीन चालत होतं, आणि ती, सॅक पाठीवर घेऊन, समोर उभी राहून बघत होती. बाही लावायला घेतली तेव्हा ती उलटी बसली. त्यानं उसवली. परत लावली. या वेळी चुण्या पडल्या.

"जमतंय का?"

"सीटला बाही नसती," तो म्हणाला.

"मग कशाला करताय?"

 चाक फिरत राहिलं.

"सुयश... कशाला करताय?"

त्यानं तळहातानं चाक थांबवलं. "तुमाला तिकडं जायचं असंल, तर माप माझ्यामुळं अडायला नको."

"आणि मला जायचं नसेल तर?"

तो मान वर करून बघेना. "तसं असंल तर... एक टाका पण घालायचा न्हाय मला. पण मी कोण म्हणून सांगू? तुमचं आमचं नातं काय? सायकलीच्या मागनं मी मोपेडवर आलो, एवढंच."

"दोनदा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू येईना. "दोनदा आलात. आणि दुसऱ्या वेळी मी बॅटरी संपवली. दुसऱ्या दिवशी तीन शेतकऱ्यांना मी कागदावर लिहून घेतलं. तुम्हाला माहीत नाही, पण मी मशीनच्या बाबतीत असं कुणासाठी करत नाही."

आता त्यानं वर बघितलं. एवढं बघणं सहा वर्षांत त्यानं कुठल्या सीटकडं केलं नव्हतं.

"ते तुकडे द्या," ती म्हणाली. "आहेत तसे."

संध्याकाळी तिनं ते आई-वडिलांच्या पुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. भामाबाई रडल्या नाहीत; त्यांनी चुण्या पडलेली बाही हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि म्हणाल्या, "ह्याला बाही बी लावता येत न्हाय." हा पुढं बरेच दिवस त्यांचा मुख्य आक्षेप राहिला.

गुरुजींनी तुकडे परत एकावर एक रचले. मुलगा आपल्याच समाजातला होता, बी.ए. होता, निर्व्यसनी होता. पण नोकरी नव्हती. पस्तीस वर्षं गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं की शिका आणि स्वतःच्या पायावर उभे राहा. त्यातला एखादा खरोखरच उभा राहिला, आणि तोही सरकारी आधाराशिवाय, तर त्याचं काय करायचं हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं.

बुधवारी ते बारामतीला गेले. दुकानात जाऊन बाकावर बसले. ओळख सांगितली नाही. पण त्यांच्या हातात ती सॅक होती, मुलीनं सुट्टीच्या दिवशी खुंटीला लावलेली, आणि ती बघून सुयश उभाच राहिला. चाँदभाईंनी चहा सांगितला.

गुरुजींनी सॅक उलटी केली. शिवण नखानं ओढून पाहिली. झोळी चाचपली. पेपर तपासावा तसा त्यांनी बराच वेळ घेतला.

"किती दिवस टिकेल?"

"शिवण दहा वर्षं जाईल," सुयश म्हणाला. "रेक्झिन सात-आठ, उन्हात तडकतं. फोम बसंल पाच वर्षांत. चेन चार वर्षांच्या वर जाणार न्हाय."

"चार?"

"चांगली चेन मिळत न्हाय, गुरुजी. खोटं कशाला सांगू. बदलावी लागंल."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. डाळजचे पाहुणे तासभर बसले होते. त्या तासात त्यांनी आपल्या कुठल्याच गोष्टीचं वय सांगितलं नव्हतं.

"आणि समजा," ते म्हणाले, "तिचं लग्न झालं. मग ह्या सॅकेची गरज काय?"

सुयशला प्रश्नच समजला नाही. "लग्न झाल्यावर गावं जवळ येत्यात व्हय?" तो म्हणाला. "रस्ता तेवढाच हाय की. मशीन तर न्यायलाच लागंल."

गुरुजी चहा न संपवता उठले. चाँदभाईंना वाटलं, गेलं सगळं. पायरीवर गुरुजी थांबले, सॅक स्वतःच्या खांद्याला लावली आणि एसटी स्टँडकडं चालू लागले.

त्यांनी डाळजच्या माणसाची वाट पाहिली नाही. गुरुवारी पहाटेच्या गाडीनं ते स्वतः डाळजला गेले. नकार चिठ्ठीनं पाठवू नये, दारात उभं राहून द्यावा आणि वर दोन शब्द ऐकून घ्यावेत, असं त्यांचं मत होतं. दुपारी परत आले. पाय धुतले. भामाबाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"महिपतराव फार बोलले. बोलणारच. मग जेवल्याशिवाय सोडलं नाही." त्यांनी पंचानं पाय पुसले. "सोमनाथ बाहेरपर्यंत सोडायला आला. म्हणाला, काका, तुमच्या मुलीनं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं. चांगला मुलगा आहे."

प्रियदर्शनीनं तोंड फिरवलं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या शांत मुलासाठी वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे तिला त्या दिवशी समजलं.

शुक्रवारी ब्रेक करकरला तेव्हा सुयश बाहेर आला नाही. तो मशीनवर तसाच बसून राहिला, दोन्ही हात मांडीवर, निकाल लागायच्या दिवशी बसतात तसा. ती आत आली. सॅक पाठीवर होती.

"आबा डाळजला जाऊन आले," ती म्हणाली.

"...मग?"

"नाही सांगून आले."

 डोळे भरून आले, तेव्हा त्यानं दोऱ्याला गाठ मारायला घेतली. दोऱ्याला गाठ आधीच होती.

"अजून हो म्हणालेले नाहीत," ती घाईनं म्हणाली. "रविवारी तुम्हाला घरी बोलावलंय. आई विचारेल."

"काय विचारतील?"

"महिन्याला किती मिळतं. राहायचं कुठं. आणि बाहीचं विचारेल."

"काय सांगू?"

"खरं ते."

"खरं सांगितलं तर न्हाय म्हणतील त्या."

"म्हणू दे," प्रियदर्शनी म्हणाली. "मी असेन ना तिथं. या वेळी मी उत्तर देणार आहे."

चाँदभाई उठले. बाहेर अकरा सीटा होत्या त्याच्या सतरा झाल्या होत्या, हंगाम चार दिवसांवर होता, आणि मार्केट यार्डातल्या कुणालाही विचारा, हंगामात त्या दुकानाचा पडदा कधी पडलेला नाही. त्यांनी खडू घेतला आणि फळकुटावर मोठ्या अक्षरात लिहिलं : रविवारी बंद.

"चाचा, ट्रॅक्टरवाले शिव्या देतील," सुयश म्हणाला.

"दिऊ दे." त्यांनी फळकूट खिळ्याला टांगलं. "सकाळी सणसरला जाऊन आक्काबाईला घिऊन येतो. तिथनं काटेवाडी. मुलाकडनं दोन माणसं तरी मोठी दिसायला पाहिजेत." मग प्रियदर्शनीकडं वळून त्यांनी विचारलं, "बेटा, गुरुजी चहात साखर किती घेत्यात? परवा अर्धा कप तसाच ठिवून गेले. मला वाटलं, पोराला नापास केलं."

"आबा बिनसाखरेचा घेतात," ती म्हणाली.

"हात्तिच्या," चाँदभाई म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी हसले.